वजन भरले, हाडांचे काय?

'खात्यापित्या घरचा दिसतो,' असे गुटगुटीत मुलाकडे पाहून आपल्याकडे आजही कौतुकाने म्हटले जाते. दुष्काळ आणि कुपोषण अनुभवलेल्या समाजात अंगाने भरलेले मूल म्हणजे सुदृढ मूल, हे समीकरण रुजावे यात नवल नाही. मात्र अशाच तेरा-चौदा वर्षांच्या मुलाच्या रक्ततपासणीचा अहवाल हाती येतो, त्यात 'ड' जीवनसत्त्वाच्या आकड्यापुढे 'कमी' असा शेरा असतो आणि पालक बुचकळ्यात पडतात. घरात दूध, तूप, पनीर, सुकामेवा यांपैकी कशाचीच वाण नाही. मग ही कमतरता आली कोठून?

या प्रश्नाचे उत्तर स्वयंपाकघरात थोडे आणि बाहेर अधिक सापडते. उन्हात, शरीरातील चरबीत आणि मुलांच्या दिनक्रमात ते दडलेले आहे. शिवाय अहवालातील तो आकडा सुधारला म्हणजे हाडे मजबूत झाली, हा समजही तितकासा खरा नाही. औषधाच्या दुकानातून पुडी आणून आकडा वर चढवणे सोपे असते. मुलाच्या हाडांची मशागत ही त्याहून बरीच मोठी आणि रोजची गोष्ट आहे.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने युनिसेफच्या साह्याने २०१६ ते २०१८ या काळात देशभर पोषणविषयक व्यापक सर्वेक्षण केले. त्यात १० ते १९ वर्षे वयोगटातील २४ टक्के मुलामुलींमध्ये 'ड' जीवनसत्त्वाची कमतरता आढळली. एक ते चार वर्षांच्या बालकांत हे प्रमाण १४ टक्के, तर पाच ते नऊ वर्षांच्या मुलांत १८ टक्के होते. म्हणजे वय वाढते तशी कमतरताही वाढते. तान्ह्या बाळाला उन्हात धरणारे आपण, ते बाळ दहावीला पोचेपर्यंत त्याला उन्हाबाहेर काढून मोकळे होतो. याच सर्वेक्षणात किशोरवयीनांपैकी सुमारे पाच टक्के मुलांचे वजन प्रमाणापेक्षा अधिक असल्याचे दिसले. ही संपूर्ण देशाची सरासरी आहे. शहरांतील सुखवस्तू वर्गात हे प्रमाण याहून बरेच अधिक आहे, हे कोणत्याही खासगी शाळेच्या फाटकापाशी दहा मिनिटे उभे राहिल्यास कळते.

नाशिकचा जुना दाखला

सुखवस्तूपणा आणि हाडांचा कमकुवतपणा यांची ही सांगड आजची नाही. १९२० च्या दशकाच्या प्रारंभी हचिसन नावाच्या डॉक्टरांनी तत्कालीन मुंबई इलाख्यातील नाशिक परिसरात मुडदुसाचा अभ्यास केला होता. मुडदूस म्हणजे वाढत्या वयात हाडे मऊ राहून वाकण्याचा विकार. गरिबांच्या घरी अन्न निकृष्ट, म्हणून तेथे हा रोग अधिक असेल, अशी कोणाचीही अपेक्षा असती. प्रत्यक्षात उन्हात राबणाऱ्या गरीब कुटुंबांत तो जवळजवळ नव्हता आणि पडदा पाळणाऱ्या, चांगले खाणाऱ्यापिणाऱ्या घरांत मात्र तो सर्रास आढळत होता. कोवळ्या वयात लग्न होऊन माजघरात बंदिस्त झालेल्या मुली त्याला विशेष बळी पडत. 'ड' जीवनसत्त्वाचे नावही त्या काळी नुकतेच पुढे येत होते.

शंभर वर्षांनंतर पडदा गेला, परंतु त्याची जागा दुसऱ्या भिंतींनी घेतली. सकाळी सातला शाळेची बस, दुपारी शिकवणी, संध्याकाळी पुन्हा शिकवणी, रात्री मोबाइल किंवा संगणकाचा पडदा, असा शहरी विद्यार्थ्याचा दिवस असतो. खेळाचा तास गणिताला देऊन टाकण्याची प्रथा तर इतकी रूढ आहे की त्याबद्दल तक्रार करणारा पालकच विक्षिप्त ठरतो.

शरीरात काय घडते?

'ड' जीवनसत्त्व हे नावाला जीवनसत्त्व आहे. कार्याने ते संप्रेरकाच्या जातीचे आहे. उन्हातील अतिनील 'ब' किरण त्वचेवर पडले की त्वचेतील कोलेस्टेरॉलच्या कुळातील एका द्रव्यापासून ते तयार होते. पुढे यकृतात त्याचे एक रूपांतर होते आणि मूत्रपिंडात दुसरे. यकृतात तयार झालेले रूप रक्तात दोन-तीन आठवडे टिकते. प्रयोगशाळा मोजते ते हेच. मूत्रपिंडात तयार झालेले रूप प्रत्यक्ष कामाला लागते. आतड्यातून कॅल्शियम शोषून घेणे हे त्याचे मुख्य काम. 'ड' जीवनसत्त्व नसेल तर खाल्लेल्या कॅल्शियमपैकी जेमतेम १० ते १५ टक्के शोषले जाते. ते पुरेसे असेल तर ३० ते ४० टक्के. ही तूट फार काळ राहिली तर मानेतील पॅराथायरॉइड ग्रंथी रक्तातील कॅल्शियम टिकवण्यासाठी हाडांतील साठ्यावर हात टाकतात. पगार पुरेना म्हणून मुदत ठेव मोडावी, तसा हा प्रकार आहे.

स्थूल मुलांत याला आणखी एक पदर असतो. हे जीवनसत्त्व चरबीत विरघळणारे आहे. शरीरात चरबी जितकी अधिक, तितके ते त्यात विखुरते आणि रक्तात कमी उरते. अमेरिकेतील बोस्टन येथील संशोधकांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात स्थूल आणि सडपातळ प्रौढांना सारखेच अतिनील किरण दिले. त्वचेतील कच्चा माल दोन्ही गटांत जवळपास सारखाच होता. तरीही स्थूल व्यक्तींच्या रक्तात 'ड३' जीवनसत्त्वाची वाढ ५७ टक्क्यांनी कमी झाली. म्हणजे ते तयार होत होते, पण रक्तापर्यंत पोचत नव्हते.

स्थूलतेमुळे 'ड' जीवनसत्त्व घटते की ते घटल्यामुळे स्थूलता येते, हा वाद अनेक वर्षे चालला. २०१३ साली युरोप व उत्तर अमेरिकेतील सुमारे ४२ हजार व्यक्तींच्या जनुकीय माहितीवरून करण्यात आलेल्या अभ्यासाने त्यावर बराच प्रकाश टाकला. वजन व उंची यांवरून काढला जाणारा शरीरभार निर्देशांक, म्हणजेच बीएमआय, वाढला की रक्तातील 'ड' जीवनसत्त्व घटते, असे त्यातून दिसले. उलट दिशेचा पुरावा मिळाला नाही. याचा व्यावहारिक अर्थ असा की, 'ड' जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी वजन उतरेल ही आशा फोल आहे. काही ठिकाणी तशी जाहिरात केली जाते, म्हणून हे स्पष्ट सांगणे आवश्यक.

जड शरीर, पण हाड तितके भक्कम नाही

वजन पेलून हाडे मजबूत होतात, मग जाड मुलांची हाडे अधिक बळकट नसतील काय, असा प्रश्न कोणीही विचारील. त्यात तथ्य आहे. यंत्रावर घनता मोजली असता स्थूल मुलांच्या हाडांतील खनिज पुष्कळदा इतरांपेक्षा जास्तच भरते. परंतु ज्या शरीराचा भार त्या हाडांना वाहायचा आहे, त्याच्या तुलनेत ते अपुरे पडते. विशेषतः हाताचे हाड. पाय रोज शरीराचा भार उचलतात, त्यामुळे ते काही अंशी तयार होतात; मनगटाजवळच्या हाडांवर मात्र एरवी भार येतच नाही. मुलगा पडतो तेव्हा तो तळहात टेकवतो आणि साठ-सत्तर किलोंचा सारा भार एका क्षणात त्या हाडावर येतो. न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे झालेल्या अभ्यासांत मनगटाजवळ हाड मोडलेल्या मुलामुलींमध्ये अधिक वजनाच्या मुलांचे प्रमाण लक्षणीय आढळले होते. त्यातच पोटाच्या आत साठणारी चरबी दाह निर्माण करणारी द्रव्ये स्रवते आणि ती हाडांच्या बांधणीला पोषक नसतात.

आणि हे सारे घडते ते नेमक्या मोक्याच्या वयात. माणसाच्या हाडांतील खनिजाचा सुमारे चौथा हिस्सा किशोरवयातील अवघ्या दोन वर्षांत भरला जातो. मुलींत हा काळ साधारण साडेबारा वर्षांच्या आसपास, मुलांत चौदाच्या आसपास. गंमत अशी की, उंची आधी झपाट्याने वाढते आणि खनिजाचा भरणा काही महिने मागाहून होतो. सांगाडा उभा राहिला, पण भिंती अजून ओल्या, अशी ती अवस्था असते. मनगटाचे हाड मोडण्याचे प्रमाण याच वयात सर्वाधिक असते. विशीनंतर या ठेवीत फारशी भर पडत नाही. पन्नाशी-साठीत हाडे ठिसूळ होऊ लागतात तेव्हा आपण त्या वेळी काय जमा केले होते, त्यावरच निभाव लागतो. आजीच्या खुब्याच्या हाडाची काळजी करणाऱ्या घरात नातवाच्या हाडांचा विचार कोणाच्या मनात येत नाही, कारण त्याचे परिणाम दिसायला चाळीस वर्षे लागतात.

कोवळे ऊन की दुपारचे?

कोवळे ऊन आरोग्यदायी, ही आपली पिढीजात समजूत आहे. ते सुखद असते, यात शंका नाही. 'ड' जीवनसत्त्वाच्या दृष्टीने मात्र सकाळी सातचे ऊन फारसे उपयोगी नाही. सूर्य क्षितिजाजवळ असताना त्याच्या किरणांना वातावरणाच्या जाड थरातून यावे लागते आणि अतिनील 'ब' किरण वाटेतच गळून जातात. आंध्र प्रदेशातील तिरुपती येथे झालेल्या प्रयोगांत सकाळी ११ ते दुपारी २ या वेळेतील उन्हात हे जीवनसत्त्व सर्वाधिक तयार होत असल्याचे दिसून आले. घड्याळ नसले तरी एक खूण आहे: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडत असेल, तर ऊन कामाचे. याबाबतीत महाराष्ट्र भाग्यवान आहे. लंडनमध्ये हिवाळ्यातील काही महिने कितीही वेळ उन्हात बसले तरी त्वचेत हे जीवनसत्त्व जवळजवळ तयार होत नाही. मुंबई-पुण्यात डिसेंबरातही भर दुपारी सावली उंचीपेक्षा आखूडच असते.

बंद खिडकीच्या काचेतून येणारे ऊन मात्र निरुपयोगी, कारण काच हे किरण अडवते. सावळ्या त्वचेला गोऱ्या त्वचेपेक्षा अधिक वेळ लागतो. शहरातील धूर आणि धूळही आड येते. दिल्लीतील प्रदूषित भागातील लहान मुलांमध्ये तुलनेने स्वच्छ हवेच्या भागातील मुलांपेक्षा 'ड' जीवनसत्त्व निम्म्याहून कमी असल्याचे २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले होते. कोकण आणि मुंबईत तर पावसाळ्याचे चार महिने आभाळ झाकलेलेच असते.

याचा अर्थ वैशाखात मुलांना भर दुपारी मैदानावर पिटाळावे, असा नव्हे. शाळेच्या मधल्या सुटीत हातपाय उघडे ठेवून वीस-पंचवीस मिनिटे अंगणात खेळणे, एवढे पुष्कळ आहे. उन्हाळ्यात ही वेळ अर्थातच आखडती घ्यावी. ज्या शाळा मधल्या सुटीतही मुलांना वर्गाबाहेर सोडत नाहीत, त्यांच्याशी पालक-शिक्षक सभेत या विषयावर बोलायला हरकत नसावी. गृहपाठावर होणाऱ्या चर्चेइतकीच ती महत्त्वाची आहे.

ताटातील हिशेब

नुसत्या अन्नातून 'ड' जीवनसत्त्वाची गरज भागणे आपल्याकडे अवघड आहे, शाकाहारी घरात तर फारच. बांगडा, तारलीसारखे तेलकट मासे आणि अंड्यातील पिवळा बलक यांत ते असते. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमांनुसार जीवनसत्त्वयुक्त केलेल्या दुधाच्या एका लिटरमध्ये २०० ते ३०० आययू, म्हणजे आंतरराष्ट्रीय एकके, 'ड' जीवनसत्त्व असते. पिशवीवर निळ्या रंगात 'प्लस एफ' असे चिन्ह असते, ते पाहून घ्यावे. अर्धा लिटर असे दूध प्यायले तरी ६०० आययू या दैनंदिन गरजेच्या सहाव्या ते चौथ्या हिश्शाइतकेच ते भरते.

कॅल्शियमचे तसे नाही. ते ताटातूनच मिळायला हवे आणि मिळू शकते. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार १३ ते १५ वर्षांच्या मुलामुलींना दिवसाला १००० मिलिग्रॅम आणि १६ ते १८ वर्षांच्यांना १०५० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे. दोन कप दुधातून साधारण ४८० मिलिग्रॅम मिळते. वाटीभर दह्यातून दीडशेच्या आसपास. नाचणीच्या शंभर ग्रॅम पिठात साडेतीनशे मिलिग्रॅम असते, म्हणजे एका बेताच्या भाकरीत पावणेदोनशे. त्यावर चमचा-दोन चमचे तिळाची चटणी. हिशेब जुळत आला. यातील एकही पदार्थ महाग किंवा परदेशी नाही. नाचणीची आंबील तर आणखी चांगली, कारण आंबवल्याने धान्यातील कॅल्शियमला अडवून धरणारी द्रव्ये कमी होतात. पालकात कॅल्शियम भरपूर असते खरे, पण त्यातील ऑक्झलेटमुळे ते अंगी लागत नाही. त्या भरवशावर राहू नये.

येथे एका धोक्याची जाणीव द्यायला हवी. मित्रमैत्रिणींच्या चिडवण्याने दुखावलेले मूल एके दिवशी अचानक 'डाएट' सुरू करते आणि सर्वप्रथम दूध आणि न्याहारी सोडते. वडापाव आणि शीतपेय मात्र शिकवणीच्या वाटेवर सुटत नाही. अशा घाईच्या उपासाने चरबीबरोबर हाडांतील खनिजही जाते. मुलींची पाळी अनियमित झाली किंवा थांबली तर हाडांवर दुहेरी संकट येते. वाढत्या वयात वजन झपाट्याने उतरवणे हे उद्दिष्टच नसावे. बहुतेक मुलांत वजन आहे तेथे थांबले आणि उंची वाढत गेली, तरी प्रमाण आपोआप सुधारते. मूल खरोखरच स्थूल आहे काय, हेही नुसत्या डोळ्यांनी ठरवू नये. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१५ साली भारतीय मुलांसाठी वाढीचे तक्ते प्रसिद्ध केले आहेत. त्यांवर वयानुसार शरीरभार निर्देशांक पाहून डॉक्टर ते सांगू शकतात.

पुडी घ्यावी काय?

'ड' जीवनसत्त्वाची ६० हजार आययूची पुडी किंवा कॅप्सूल आता घरोघरी परिचित झाली आहे. रोजच्या ६०० आययूच्या हिशेबाने ही एक पुडी शंभर दिवसांची मात्रा होते. कमतरता सिद्ध झाल्यावर डॉक्टर ती ठरावीक आठवडे, आठवड्यातून एकदा देतात. स्थूल मुलांना सर्वसाधारण मुलांच्या दोन ते तीन पट मात्रा लागू शकते, असे अमेरिकेतील एण्डोक्राइन सोसायटीने २०११ साली म्हटले होते, आणि चरबीचा खेळ लक्षात घेता ते पटण्याजोगे आहे. मात्र ही मात्रा किती व किती दिवस, हे ठरवणे डॉक्टरांचे काम. आठवड्याची पुडी चुकून रोज घेतली गेल्यास रक्तातील कॅल्शियम वाढून उलट्या, बद्धकोष्ठता, सारखी तहान-लघवी अशी लक्षणे दिसतात आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. चिठ्ठी नीट वाचली नाही, एवढ्यावरून हे घडते.

आकड्यांच्या बाबतीतही थोडे तारतम्य हवे. अनेक प्रयोगशाळांच्या अहवालात ३० नॅनोग्रॅमखालील प्रत्येक आकडा 'अपुरा' म्हणून छापला जातो. मुलांच्या हाडांसाठी २० च्या वर पुरेसे, १२ ते २० अपुरे आणि १२ च्या खाली कमतरता, अशी विभागणी २०१६ च्या आंतरराष्ट्रीय सहमतीपत्रात आहे आणि भारतीय बालरोगतज्ज्ञही बहुधा तीच मानतात. तेव्हा २४ आकडा आलेल्या मुलाच्या घरी हाहाकार माजण्याचे कारण नाही. उलट, आकडा ९ असेल तर सोबत कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज आणि गरजेनुसार पॅराथायरॉइड संप्रेरकाची तपासणी डॉक्टर सुचवतात. हाडांची घनता मोजायची वेळ आलीच, तर मुलांसाठी वय व उंचीनुसार काढलेला 'झेड' गुणांक पाहायचा असतो. प्रौढांचा 'टी' गुणांक मुलांना लावणे चूक.

मग पुडीने हाड मोडण्याचे टळते काय? मंगोलियातील उलानबातर येथे यासंबंधी मोठा प्रयोग झाला. ६ ते १३ वर्षांच्या ८,८५१ शाळकरी मुलांपैकी निम्म्यांना तीन वर्षे दर आठवड्याला १४ हजार आययू 'ड' जीवनसत्त्व देण्यात आले. यांतील बहुतांश मुलांत प्रारंभी कमतरता होती. रक्तातील आकडा चांगलाच वाढला, परंतु हाड मोडण्याचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच राहिले. ज्या मुलाला खरी कमतरता आहे त्याला औषध द्यायलाच हवे, मुडदूस त्यानेच टळतो. पण केवळ पुडीच्या बळावर हाडे घडत नाहीत, हे या प्रयोगाने दाखवून दिले.

ती घडतात आदळआपटीने. हाड हे जिवंत ऊतक आहे आणि त्याला अधूनमधून दणका लागतो. उड्या, धावणे, दोरीवरच्या उड्या, लंगडी, खो-खो, लेझीम हे सारे हाडांचे खाद्य. पोहण्याने दम वाढतो, वजन आटोक्यात राहते, पण पाण्यात शरीर तरंगत असल्याने हाडांना तेवढा फायदा मिळत नाही. अतिशय जड मुलाला पहिल्याच दिवशी उड्या मारायला लावणे मात्र बरे नव्हे. त्याने भराभर चालणे, जिने चढणे येथून प्रारंभ करावा आणि गुडघे सरावले की पुढे जावे. हातांच्या हाडांसाठी सूर्यनमस्कारांइतका सोयीचा व्यायाम नाही. त्यात शरीराचा भार मनगटांवर येतो आणि तो गच्चीवर उन्हातही करता येतो.

पाय दुखण्याच्या तक्रारीकडे 'वाढीचे दुखणे' म्हणून दुर्लक्ष करण्याची आपली सवय आहे. पुष्कळदा ते खरेही असते. पण जिना चढताना कठडा धरावा लागणे, मांडी घालून बसल्यावर हात टेकल्याशिवाय उठता न येणे, किरकोळ पडण्याने वर्षात दोनदा हाड मोडणे, यांपैकी काही आढळल्यास बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. फेफऱ्याची काही औषधे दीर्घकाळ चालू असलेल्या मुलांबाबत अधिक दक्ष राहावे, कारण त्या औषधांनी 'ड' जीवनसत्त्व लवकर संपते.

स्थूल किशोरांच्या बाबतीत आणखी एक विकार लक्षात ठेवण्याजोगा आहे. मांडीच्या हाडाचा वरचा गोल भाग, जेथे वाढ चालू असते, तो शरीराच्या भाराने जागचा सरकू लागतो. दुखणे खरे खुब्यात असते, पण मूल सांगते गुडघा किंवा मांडी दुखते म्हणून. मग गुडघ्याचा एक्स-रे निघतो, तो निर्दोष येतो आणि आठवडे निघून जातात. दहा ते सोळा वर्षांचे जड अंगाचे मूल लंगडू लागले, पाऊल बाहेरच्या बाजूला वळवून चालू लागले, तर खुब्याचा एक्स-रे काढण्याचा आग्रह धरावा, आणि तो पाहून अस्थिरोगतज्ज्ञांनी निर्णय देईपर्यंत त्याला त्या पायावर भार देऊन चालू देऊ नये.